टेकडीखालून गेलेले पाणी

पाणी कोणत्या बाजूला जाईल हे सांगणे हा माझा पेशा आहे. नांदेडला मी अभियांत्रिकीच्या मुलांना जलशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात ओढ्यानाल्यांची पाणलोट क्षेत्रे संगणकात उभी करतो. जमिनीचा नकाशा लहान लहान चौकोनांत विभागायचा. प्रत्येक चौकोनाला त्याची उंची सांगायची, मातीची जाडी सांगायची, मातीखालचा दगड फुटका आहे की अखंड ते सांगायचे, आणि मग वरून पाऊस सोडायचा. एक चौकोन भरतो, शेजारच्या सखल चौकोनाला पाणी देतो, तो त्याच्या पुढच्याला. एवढीच देवघेव, पण तिच्यातून पडद्यावर हळूहळू एक ओढा उमटतो, जो मी काढलेला नसतो. आज इतक्या वर्षांनंतरही तो ओढा उमटू लागला की मी खुर्चीत जरा सावरून बसतो. कुणी वडीलधारे खोलीत आल्यावर आपण बसतो, तसा.

माझा स्वभाव स्वतःला तपासत बसण्याचा आहे. "तुमच्या हातून चहा सांडला तरी तुम्ही त्याचं प्रायश्चित्त शोधता," असे पत्नी म्हणते, आणि ते खरे आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात माझा वाटा मी कुठे जास्त धरला असेल, तर ती माझी जुनी खोड समजावी. मला सांगायचे आहे ते पाण्याविषयी आणि माझ्या थोरल्या बहिणीविषयी.

लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळातली ही गोष्ट. बहिणीचे गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथल्या तालुक्याचे गाव आता नवा जिल्हा होणार, अशी त्या उन्हाळ्यात जोरदार हवा होती. कलेक्टर कचेरी कुठल्या माळावर बसेल यावर पैजा लागत होत्या. टँकरच्या रांगेत घागर पुढे सरकवतानासुद्धा माणसे जिल्ह्याचेच बोलत.

आमच्या लिंगायत घरात थोरल्या बहिणीला अक्का आणि धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. हद्दीपलीकडच्या कानडीने दिलेली ही नाती. अक्काचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, बहुधा त्याच्याच रानात. दाजींची समाधी अशीच अक्काच्या शेतात, विहिरीपासून बऱ्याच अंतरावर, उताराच्या खालच्या अंगाला आहे. त्या वर्षी गावातली एकूणएक विहीर कोरडी पडली. अक्काच्या विहिरीत मात्र पाणी होते. गाव म्हणे, हे दाजींचे पुण्य. अक्काने विहीर सगळ्यांना मोकळी केली. दारी आलेल्याला काही न विचारता जेवू घालणे याला आमच्यात दासोह म्हणतात. अक्काने पाण्याचा दासोह मांडला होता. सकाळी ती रहाटाशी उभी राही आणि शेंदणाऱ्या बाईला पदराने वारा घाली. तिला मी इतकी तृप्त कधी पाहिली नव्हती.

गावाच्या वरच्या अंगाला, एका बुटक्या टेकडीच्या पूर्वेस, पाझर तलाव आहे. त्याचा ओढा पूर्वेकडे जातो. अक्काचे रान टेकडीच्या पश्चिमेस. तलाव आटून त्याचा तळ उघडा पडला होता. आधी लोकांनी त्यातला गाळ रानात वाहून नेला, आणि मग त्या खोल, सपाट, बांधाच्या आडोशाच्या जागेत जनावरांची चारा छावणी बसली. जागा सरकारी, कुणाचे पीक नाही, वारा लागत नाही. यापेक्षा चांगली जागा कोणती? गावोगावची जनावरे आली. शेणाचे ढीग वाढू लागले. दुष्काळात शेण म्हणजे पुढच्या वर्षाचे खत, ते कोण टाकून देणार? गाळ काढून पडलेल्या खड्ड्यांत प्रत्येकाने आपापला उकिरडा घातला आणि ओळखीसाठी वर आपला दगड किंवा चिंधी ठेवली. दुसऱ्याच्या उकिरड्याला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. सर्वांत मोठा ढीग होता आबांचा. आबा म्हणजे गावातले सर्वांत वयस्क शेतकरी. सगळे गाव त्यांना आबाच म्हणे. मी त्यांच्या गावाच्या सुनेचा भाऊ, म्हणून ते मला मेहुणे म्हणून चिडवत. "या मेहुणं," ढिगाकडे हात करून ते म्हणाले, "हे बघा आमचं सोनं. नांदेडात आसं मिळतंय का?" मीही हसलो. ते सगळे पाहताना माझ्या मनात काहीही आले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

संगणक उघडायला लावले अक्काने. ओसरीवर मी काही लिहीत बसलो होतो, तर ती शेजारी येऊन टेकली.

"काय बघलालास रे त्याच्यात?"

"पाणी बघलालोय."

"डब्यात पाणी?" ती हसली. मग पदर सारखा करून हळूच म्हणाली, "तम्मा, आपली हीर कवर पुरल, तेवढं इचार की त्याला. एवढी माणसं हिच्या जिवावर हायत. मला आतून भ्या वाटतंय."

ते एवढे साधे काम होते की मी लगेच होकार दिला. पुढचे काही दिवस आम्ही दोघे गावातल्या विहिरी पाहत हिंडलो. दोराला दगड बांधून कोरड्या विहिरींची खोली मोजायची, काठाच्या कपारीत कुठे ओल दिसते ते पाहायचे. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा एक पातळ पट्टा असतो, तो कोणत्या विहिरीत किती खोल लागला ते टिपायचे. अक्का काठावर ओणवी होऊन सांगे, "हां, लाल दिसली बघ." हे सगळे मी चौकोनांना सांगितले आणि प्रश्न विचारला: अक्काची विहीर किती दिवस पुरेल?

उत्तर आले की ती केव्हाच आटली आहे.

मी आकडे तपासले. मातीची जाडी बदलून पाहिली, दगड अधिक फुटका धरून पाहिला. दर खेपेस पडद्यावरची विहीर कोरडी, आणि अंगणात अक्काने नुकतीच भरून आणलेली घागर. टेकडीच्या पश्चिमेला पडणारे सगळे पाणी एकत्र केले तरी त्या विहिरीचा उपसा भागत नव्हता. कुठून तरी आणखी पाणी येत होते.

आम्हा लोकांचा एक ठाम समज असतो. टेकडीचा माथा म्हणजे पाणलोटाची हद्द. अलीकडचे पाणी अलीकडे, पलीकडचे पलीकडे. मीही त्या माथ्यावर एक रेघ मारून ठेवली होती, तिच्यापलीकडे पाणी जायचे नाही असा हुकूम देऊन. सकाळची वेळ होती. मी ती रेघ पुसली, चौकोनांना म्हटले की आता तुमचे तुम्ही पाहा, आणि मागची काही वर्षे पुन्हा चालवली.

पडद्यावर पाऊस पडला. तलाव भरला. ओढा नेहमीप्रमाणे पूर्वेला निघाला. पण तलावाच्या तळातून, लाल मातीच्या त्या कलत्या पट्ट्यावरून, निळ्या रंगाची एक जीभ पश्चिमेकडे वळली. टेकडीच्या पोटाखाली शिरली. चौकोनामागून चौकोन इतक्या सावकाश उजळत गेली की कुणी अंधारात हाताने भिंत चाचपत चालले आहे असे वाटावे. ज्येष्ठ संपला, आषाढ गेला, ती चालतच होती. आणि ती अक्काच्या विहिरीपाशी येऊन थांबली. वर्षे सरून पडद्यावर हा उन्हाळा आला, तेव्हा विहिरीची पातळी आम्ही दोराने मोजली होती तिथेच येऊन टेकली.

मी पडद्यावरून मान वर केली. ओसरीवरून ती टेकडी समोर दिसत होती. दोन बोरीची झुडपे आणि चार शेळ्या, एवढाच तिचा पसारा. इतकी वर्षे मी या घरी येत होतो. आम्ही जेवत होतो, भांडत होतो, दाजींना मातीत ठेवत होतो, आणि या सगळ्या काळात तिच्या खालून पाणी निमूटपणे येत होते, कुणाच्याही नकळत, कुणाच्याही हद्दीची पर्वा न करता. मी नकळत हात जोडले. कुणाला, ते सांगता येणार नाही.

आणि हात जोडलेले असतानाच मला त्या तळ्यातले उकिरडे आठवले.

मी तळ्याच्या चौकोनांत शेणाचा क्षार घातला. शेणमुतातून पाण्यात उतरणाऱ्या या क्षाराला नायट्रेट म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, उकळून जात नाही. आणि दुधाच्या भुकटीत तसले पाणी गेले तर तान्ह्या मुलाच्या रक्तातला प्राणवायू कमी पडतो. त्याला मी पिवळा रंग दिला आणि पाऊस सोडला. ज्या वाटेने निळी जीभ आली होती, त्याच वाटेने पिवळी आली. आधी जे पाहून मी हात जोडले होते तेच आता पाहवेना. पिवळा रंग विहिरीत पोचला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हटला नाही.

अक्काला बोलावून दोन्ही दाखवले. तिने एकदाच पाहिले. मला वाटले, तिला पिवळ्याची भीती वाटली असेल. पण ती निळ्याकडे बोट करून म्हणाली, "मंजे हे पाणी तळ्यातून येतंय."

"हो."

"तळं तर गावाचं हाय."

"हो."

"मंग माझं काय व्हतं रे त्यात?"

तिच्या दासोहाला माझ्या चौकोनांनी हात घातला होता, आणि ते मी तिला विचारून केले नव्हते.

थोड्या वेळाने मी म्हणालो, की माझे चुकतही असेल. खात्री करायची तर तळ्यात मीठ कालवून एक टँकर पाणी ओतावे आणि ते विहिरीत उतरते का पाहावे.

"दुष्काळात पाणी मातीत वतायचं?" अक्काने माझ्याकडे असे पाहिले की मी मान खाली घातली. "ते माझ्या हातून व्हायचं न्हाई. तुला किती खरं वाटतंय, तेवढं सांग."

"पुष्कळ खरं वाटतंय."

"मंग चल छावणीत."

छावणीच्या मांडवात माणसे जमली. सरपंच नव्हते, नव्या जिल्ह्याच्या मोर्चाच्या तयारीसाठी तेही तालुक्याला गेले होते आणि गावातले ट्रॅक्टरही. मी संगणक खाटेवर ठेवून समजावू लागलो. माझा आवाज मुळातच बारीक, त्यात गुरांचे हंबरणे. सगळे संपल्यावर आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"मंजे सगळ्या गावाचं शेण तळ्यातून काढायचं. अन् टाकायचं कुठं? अक्काच्या रानात? मेहुणं, डबा लई हुशार हाय तुमचा."

मांडव हसला. मागून कुणीतरी म्हणाले, "भाऊबीज घालायलेत बहिणीला, शेणाची!" हशा वाढला. मी संगणक मिटू लागलो.

अक्का उठली. "माझ्या रानात एक पाटी पडली तर मीच उचलून तुमच्या दारात आणून टाकीन. ज्याचं त्यानं आपापल्या रानात न्यावं." हसणे थांबले. "अन् आणखी एक आयका. ह्या तळ्याचं पाणी टेकडीखालून माझ्या हिरीत येतंय. मंजे हीर माझी, पाणी तुमचं."

हे सांगायची तिला काहीच गरज नव्हती. तिला ते सांगू नको असे म्हणण्याइतका वेळही मला मिळाला नाही.

आबांनी डोळे बारीक केले. "आसं व्हय. मंजे आमचंच पाणी आम्हाला पाजून एवढे दिस पुण्य घेतलं तुमी?"

"हाव. माहीत न्हवतं तवर घेतलं. आता न्हाई घेत. पर पाणी तुमचं हाय, तर त्यात शेण कालवायचं का न्हाई, तेबी तुमीच ठरवा."

कडब्याच्या पेंढीवर बसलेली एक बाई, जी रोज पहाटे पहिली घागर न्यायला यायची, ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हिरीपाशी आपण चप्पल घालून जाऊ देत न्हाई कुणाला. अन् हे काय करायलोय मंग?" तिने उठून आपल्या ढिगावरचा दगड उचलला.

ट्रॅक्टर नव्हते म्हणून छावणीतलेच बैल गाड्यांना जुंपले. अर्ध्या पोटाची जनावरे, त्यामुळे गाड्याही अर्ध्याच भरायच्या. सकाळी ऊन तापेपर्यंत काम चाले. ज्याचा उकिरडा त्याचेच हात, हा रिवाज कुणी मोडला नाही. मीही पाटी उचलू लागलो तर एकाने ती काढून घेतली: "पाव्हणं, तुमी डबा धरा. शेणाची पाटी सांडाल." तलावाचा तळ हळूहळू मोकळा होत गेला. आबांचा ढीग तेवढा उरला.

मी त्यांना भेटायला गेलो. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते. "माझा इस्वास न्हाई बसत, खरं सांगतो," ते म्हणाले. "अन् बसला तरी हे बघा, ह्यो उठंना झालाय. ह्याला गाडीला जुंपू?" बैलाच्या बरगड्या मला दिसत होत्या. दुसऱ्यांनी तो ढीग हलवावा, असे कुणीतरी सुचवले, तर अक्कानेच नकार दिला. "त्येंच्या राजीखुशीशिवाय न्हाई."

मोर्चाच्याच दिवशी वळवाचा पाऊस आला. जिल्ह्याच्या घोषणा देत गेलेली माणसे ट्रॉलीत भिजून परत आली. जिल्हा झाला नव्हता. तळ्यात पाणी साठले आणि आबांचा ढीग त्यात विरघळून गेला.

मी नांदेडला परतलो, पण दोन्ही चित्रे सोबत नेली: सगळे उकिरडे तसेच राहिले असते तर काय, आणि एकच राहिला आहे तर काय. दुसऱ्या चित्रात पिवळी जीभ फिकी होती, पण होती. नागपंचमीच्या सुमारास ती विहिरीत पोचेल आणि दसऱ्याच्या मागेपुढे ओसरेल, असे चौकोन म्हणत होते. मी सुट्टी मिळेल तेव्हा नायट्रेट ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या घेऊन अक्काकडे जाऊ लागलो. पट्टी पाण्यात बुडवायची. क्षार असेल तर ती गुलाबी होते. आषाढात ती पांढरीच राहिली. पुढच्या खेपेसही पांढरी. अक्का म्हणाली, "चुकला वाटतं तुझा डबा. चांगलं झालं."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पट्टी गुलाबी झाली.

त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. टेकडीच्या पोटातून, कुणी कधी न पाहिलेल्या वाटेने, मी सांगितले होते तेव्हा आणि मी सांगितले होते तिथे ते येऊन पोचले होते. मी त्या गुलाबी कागदाकडे भारावून पाहत राहिलो.

"हसलास का रे, तम्मा?"

"नाही."

"हसलास की." अक्काने पट्टी माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून नीट पाहिली. "बरोबर निघालं म्हणून हसलास. हस. पर हितं माझी हीर नासलीय, तेबी बघ."

मी पायरीवर बसलो. ज्या गोष्टीने मी भारावलो होतो तीच तिच्या विहिरीत विष घेऊन आली होती, आणि माझ्या मनाने त्या दोन्हींतून आधी कोणती निवडली ते आम्हा दोघांनाही कळले होते. अक्का मात्र तिथे थांबली नाही. तिने बाभळीच्या काटेरी फांद्या आणून रहाटावर टाकल्या आणि घरोघर सांगून आली की ओढ्याकाठच्या विहिरींना आता पाणी आहे, प्यायला तेच न्या. हिचे पाणी गुरांनासुद्धा दाखवू नका.

संध्याकाळच्या आत आबा आले. काट्यांकडे पाहत काठीवर रेलून उभे राहिले.

"मेहुणं, हे माझ्याच ढिगाचं व्हय?"

इतर थोडेफार शेण तळ्यात सांडलेले असणारच, असे सांगून मला निभावता आले असते. "हो, आबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "टेकडीखालून आलं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग टेकडीकडे वळून बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप होता की नाही, ते मला कळले नाही. अचंबा मात्र होता. तो मी ओळखतो. दुसऱ्या दिवशी ते तळ्याच्या काठावर, पाणी ओसरले होते तिथला चिखल पाटीत भरताना दिसले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. तरी पाटी घेऊन दोन माणसे आपणहून त्यांच्या मागे गेली, आणि आबांनी त्यांना आपल्या ढिगाच्या उरल्यासुरल्या चिखलाला हात लावू दिला.

पट्टी हळूहळू फिकी होत गेली. दसरा होऊन गेला, थोडे दिवस आणखी लागले. तिथे माझ्या चौकोनांचे चुकले. मग एका सकाळी ती पांढरी निघाली. मी ती पुन्हा बुडवली, दुसरी काढून बुडवली. पांढरीच.

अक्काने काटेरी फांद्या बाजूला केल्या. बातमी कळून बायका घागरी घेऊन आल्या होत्या, आबाही आले होते, पण मागे, बोरीच्या सावलीत उभे होते. अक्का रहाटाशी गेली नाही. "आबा," तिने हाक दिली, "या, आधी तुमी शेंदा."

"म्या कशाला? घाण माझीच व्हती."

"पाणीबी तुमचंच हाय की. या."

"काय म्हातारा लाजायलाय बघा नव्या नवरीवानी," एक बाई म्हणाली, आणि आबा शिव्या पुटपुटत पुढे आले. त्यांनी वहाणा काढल्या. दोर सोडला. बादली खाली गेली, आणि पाण्यावर आपटल्याचा आवाज वर यायला वेळ लागला नाही. विहीर चांगली भरली होती. त्यांनी बादली ओढून काठावर ठेवली, ओंजळ भरली, आणि स्वतः न पिता ती अक्कापुढे धरली. अक्काने माझ्याकडे पाहिले नाही, पट्टीकडेही नाही. तिने वाकून त्यांच्या ओंजळीतून पाणी प्यायले, आणि मग मागे सरून बायकांना म्हणाली, "चला, रांग लावा."